कागवाडे सरांची बेटं

कागवाडे सरांना माणसाचं नाव लक्षात राहत नसे. गाव मात्र एकदा ऐकलं की कायमचं. आणि नुसतं गाव नव्हे, तर गावातला ओढा, घर ओढ्याच्या अल्याड की पल्याड, मागचा डोंगर कुठला, सगळं. कोल्हापुरात अनोळखी माणसाला "पावणं, गाव कुठलं?" असं कुणीही विचारतं. पण उत्तर मिळालं की लोक तंबाखू मळायला लागतात. सरांची चौकशी तिथून पुढं सुरू व्हायची.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून रुजू व्हायला गेले, तेव्हा माझा नेमणुकीचा कागद त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही.

"गाव?"

"जयसिंगपूर."

"जयसिंगपुरात मूळचं कोण नसतंय. वसवल्याली पेठ हाय ती. त्याच्या आधी कुठलं?"

"आजोबा शिरोळचे."

"नदीकडचे का माळाकडचे?"

मला आला राग. म्हटलं, "सर, मी नोकरीला आलेय, स्थळ म्हणून नाही." माझी जीभ तेव्हाही आवरत नव्हती, आता या वयात तर कोण आवरणार! सर हसले नाहीत की रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "कुठनं आलाय ते कळल्याबगार माणसाचं काय कळतंय, तंगी?" तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. ते सीमेवरच्या कागवाडचे, घरात कन्नड, बाहेर मराठी. त्या दिवसापासून मी तंगी झाले. माझं नाव सुमन आहे हे त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, देव जाणे.

उंच, वाळलेला माणूस. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, तेही दुपारपर्यंत घामानं पुसट झालेले. अंगात बारा महिने एकच तपकिरी कोट आणि त्याच्या खिशांत भिंग, शिसपेन्सिल, दोरा आणि पाच-सहा रिकाम्या बाटल्या. चालताना कोट किणकिणायचा, म्हणून पोरं त्यांना 'सोडावॉटर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. एकदा वर्गात कुणीतरी मागून बाटली फोडल्यासारखा 'फिस्स' आवाज काढला, तर सर फळ्याकडं तोंड ठेवूनच म्हणाले, "ह्यो आवाज शाहूवाडीकडचा हाय," आणि शिकवायला लागले. पोरगं खरंच तिकडचं निघालं.

सरांचा सगळा जीव एका सापात होता. तोही नाग नाही, घोणस नाही. खापरखवल्या! बोटाएवढा जाड, वीतभर लांब, मातीत राहणारा, गांडुळं खाणारा गरीब जीव. विष नाही, दंश नाही. शेपूट तेवढं सुरीनं तिरकं कापल्यासारखं बोथट, त्यावर खरखरीत खापरी. लोकांना वाटतं तेच दुसरं तोंड, मग दुतोंड्या म्हणून ठेचून मोकळे होतात. सर म्हणत, "नागाला दूध पाजायला सगळी दुनिया हाय. ह्याला कोण हाय? मी एकटा."

राधानगरीच्या धरणात पाणी चढलं तेव्हा दरी बुडाली आणि एका टेकडाचा माथा तेवढा पाण्याबाहेर राहिला. लोक त्याला बेट म्हणत. सर तिथले खापरखवले गोळा करायचे. तसेच पन्हाळ्याचे, दाजीपूरचे, गगनबावड्याचे. प्रत्येक सापाच्या पोटावरचे आडवे खवले भिंगाखाली मोजायचे. मोजायचे कन्नडमध्ये, अगदी हळू, पुटपुटत. कोल्हापुरात त्यांच्याशी कन्नड बोलणारं कुणी नव्हतं, तेव्हा ती भाषा त्यांनी मेलेल्या सापांसाठी राखून ठेवली असावी असं मला वाटायचं, आणि जरा वाईटही वाटायचं.

मोजण्यातून निघालं ते असं की डोंगर बदलला की खवल्यांचा आकडा बदलतो. चार-पाच खवल्यांचाच फरक, पण पक्का. बेटावरच्यांचे सगळ्यात जास्त.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पटकन म्हणाले, "धरणानं वेगळे पडले म्हणून बदलले असतील."

सर उखडले. तसे ते क्वचितच उखडत. "पाणी काल आलंय, तंगी! काल! ही बेटं त्याच्या कितीतरी आधीची हायत. ह्या सापाला गार, वली, झाडाखालची माती लागती. खाली दरीत ऊन, भाताची खाचरं, तापल्याला मुरूम. तिथं उतरला की मेला. पन्हाळ्यावरच्या सापाला दाजीपूर म्हंजे इलायत हाय. हजारो वरसं जो तो आपापल्या माथ्यावर, आपल्याच गणगोतात जन्मतोय न् मरतोय. मग थोडं थोडं करत पार येगळाच होतोय. समुद्र लागतो व्हय बेटाला?"

आमचा लॅब अटेंडंट हुसेनमामा फॉर्मॅलिन ओतता ओतता म्हणाला, "मंजे सर, आमच्या शाहूपुरीच्या चाळीगतच की. भित्तीला भित्त, पर कोण कुणाकडं जात न्हाई."

"तसंच," सर म्हणाले आणि पुन्हा मोजायला लागले.

त्यांची खोली मी एकदाच पाहिली. दिवाळीचा फराळ द्यायला गेले होते. लग्न केलेलं नाही, जेवण खानावळीत. खोलीत एक खाट, एक ताट आणि एकच कप. त्यांनी मला त्या कपात चहा दिला आणि समोर बसून राहिले. मी प्यायले, मग तो कप विसळला आणि स्वतः प्यायले. म्हटलं, "सर, अहो दुसरा कप तरी घ्या की! काय दुष्काळ पडलाय?" तर म्हणाले, "हुता. पर तो रोज रिकामाच दिसायचा. दिला हुसेनला." मी निघाले तेव्हा जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "चकली कुठली? आईच्या हातची का मावशीच्या?" मी आईच्या म्हणाले. घरी येईपर्यंत मला उगीचच रडू येत होतं.

आता माझ्या पराक्रमाकडं येते. टाळून चालणार नाही.

नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. विद्यापीठाची कमिटी येणार म्हणून कॉलेजात चुना, रंग, धावपळ. प्राचार्य म्युझियममध्ये आले, सरांचं कपाट उघडलं आणि ओरडले, "हा काय लोणच्याच्या बाटल्यांचा बाजार मांडलाय? उद्याच्या उद्या आवरा!" कपाटात जॅमच्या, औषधाच्या, अत्तराच्यासुद्धा, अशा सत्तरेक बाटल्या होत्या. प्रत्येकीत एक खापरखवल्या आणि त्याच्याशेजारी स्पिरिटात बुडालेली पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. सर तेव्हा कागवाडला होते. त्यांची अव्वा, म्हणजे आई, आजारी होती.

मला कॉलेजात शिकवलेलं होतं की म्युझियममध्ये एक जात, एक बरणी, एक लेबल. मी पदर खोचला. मोठी काचेची बरणी घासून लख्ख केली. सत्तर बाटल्यांमधले सत्तर साप एकेक करून तिच्यात सोडले. वर शाईनं, वळणदार अक्षरांत लेबल लावलं. आणि चिठ्ठ्या? चिठ्ठ्या मी फेकल्या नाहीत हो! एवढी का मी अडाणी? प्रत्येक चिठ्ठी टीपकागदावर वाळवली, गठ्ठा केला, पाकिटात घातली. हुसेनमामा दोनदा म्हणाला होता, "बाई, सरास्नी इचारून करा की वो." मी त्यालाच दटावलं. शहाणपण नडतं ते असं.

कमिटी खूष होऊन गेली. दुसऱ्या दिवशी सर आले. मी मोठ्या हौसेनं त्यांना कपाटापाशी नेलं.

ते बरणीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "चिठ्ठ्या?"

मी पाकीट दिलं. त्यांनी टेबलावर बसून सगळ्या चिठ्ठ्या मोजल्या. एकेक वाचून खाली ठेवली. पन्हाळा, तीन दरवाजाच्या खाली. दाजीपूर, ओढ्याच्या पल्याड. बेट, फणसाखाली. शेवटची ठेवून म्हणाले, "बरोबर हायत. एकबी हरवली न्हाई."

मी म्हटलं, "मग! मी नीट सांभाळल्यात."

"व्हय," सर म्हणाले. "तंगी, च्या घेतलास का?" आणि उठून बाहेर गेले.

मी तशीच उभी. हुसेनमामा बरणी पुसत होता, माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाई, आता कुठला साप कुठल्या डोंगराचा, ते कोण सांगनार?"

अकरा पावसाळे तो माणूस जळवा अंगावर घेत डोंगर चढला होता, आणि मी दोन दुपारींत त्याचं सगळं काम एका बरणीत कालवून ठेवलं होतं. आणि वर चिठ्ठ्या सांभाळल्या म्हणून कौतुक मागत होते!

सर त्यावर मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर मीही रडून मोकळी झाले असते. पुढच्याच आठवड्यात त्यांची अव्वा गेली. दिवस करून परत आले ते थेट प्रयोगशाळेत. "आता गावाला कुणाला भेटाय जायचं?" एवढंच म्हणाले, तेही माझ्याशी नाही, खिडकीशी.

सरांनी आपलं म्हणणं आधीच मुंबईच्या एका जाणकाराला लिहून कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं. आकडे फार मोलाचे आहेत, छापूया, मात्र डोंगरवार नमुने पाठवा, आम्ही स्वतः मोजून खात्री करून घेऊ. बरोबरच होतं त्यांचं. नुसत्या वहीतल्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार?

मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि सरांकडं गेले. "सर, माझ्याकडं तोड आहे. वहीत आकडे आहेतच. आपण बरणीतले साप परत मोजू. ज्याचे खवले जास्त तो बेटावरचा, कमी तो पन्हाळ्याचा. जुळवून परत बाटल्यांत घालू, चिठ्ठ्या आहेतच. कुणाला कळणार?"

सरांनी भिंग खाली ठेवलं. "आणि मग मुंबईचं लोक मोजून काय म्हनतील?"

"बेटावरच्यांचे जास्त आहेत म्हणतील."

"म्हनतीलच की! आपणच जास्तवालं निवडून बेटाच्या बाटलीत घातल्यालं. उत्तर बघून गणित सोडवायचं झालं ते. पोरगं असतीस तर कान धरला असता तुझा."

मग त्यांनी मुंबईला पत्र लिहिलं. टपालात टाकायला माझ्याकडंच दिलं, उघडं. मी वाचलं. 'नमुने माझ्या निष्काळजीपणाने एकत्र झाले आहेत, त्यामुळे माझे म्हणणे मी मागे घेतो.' मी तशीच परत गेले आणि भांडले. "तुमच्या निष्काळजीपणानं? खोटं का लिहिलंत? माझं नाव लिहा!"

"तू नवी. मी तुला सांगितलं हुतं का, चिठ्ठी सापापासनं काढायची नसती म्हणून? न्हाई. मग चूक कुणाची?" पत्र त्यांनी माझ्या हातून घेतलं, जिभेला लावून पाकीट चिकटवलं आणि स्वतःच टाकायला गेले.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघे दुखणारा, पावसाळ्यातल्या दर रविवारी लाल गाडीनं एकटाच डोंगरावर जायचा. पन्हाळ्याचे मिळाले. दाजीपूरचे, गगनबावड्याचे मिळाले. हळूहळू बाटल्या भरू लागल्या. बेटाची रांग मात्र रिकामी राहिली. एक पावसाळा गेला, दुसरा, पाचवा, आठवा. बेटावर कुणीतरी शेरडं नेऊन सोडली होती, झाडं तुटली होती, माती उघडी पडली होती. आणि बेट नाही तर सरांच्या म्हणण्याचा कणाच नाही, कारण खरा फरक तिथंच होता.

एकदा सोमवारी ते चिखलाच्या चपलांसकट टेबलाशी बसले होते. मी विचारलं, "मिळाला?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाले, "तंगी, बेटावरनं मी मागं चौदा आणलं हुतं. तेवढंच तर नव्हतं तिथं?"

"काहीतरीच काय, सर!"

"मीच संपीवलं असलं तर? मोजायच्या नादात?"

माझ्या चुकीनं त्यांचं काम गेलं होतं, पण त्यांना आता कामाची चिंताच राहिली नव्हती. एका डोंगरमाथ्यावरचं सगळं गणगोत आपण बरणीत भरून आणलं, या विचारानं तो माणूस आतून पोखरला जात होता. खानावळीत निम्मं ताट तसंच टाकून उठतात, असं हुसेनमामा सांगायचा.

पुढं सर निवृत्त झाले आणि कागवाडला जाऊन राहिले. दोन पत्रं आली. दोन्हींत पाऊस किती झाला तेवढंच. तिसरं आलं ते त्यांच्या पुतण्याचं, कार्ड, एक कोपरा फाडलेलं, सर गेल्याचं. सरांचं नाव कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या सापालाही नाही. आता म्हणे शेपटाचा इवलासा तुकडा घेतला की पुरतं. त्यातून त्या सापाच्या हजारो पिढ्यांची सोयरीक वाचता येते आणि साप सोडून दिला तरी चालतो. आमच्या काळी असं काही नव्हतं. आमच्या काळी बाटली होती.

मला मात्र सर आठवतात ते त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या श्रावणातले. मी हट्टानं त्यांच्याबरोबर बेटावर गेले होते. सोबत हुसेनमामा कुदळ घेऊन, आणि होडीवाला. पिशवीत मी बाटली आणि स्पिरिट भरून घेतलं होतं. सरांना सांगितलं नव्हतं, पण मनात पक्कं होतं की आज बेटावरचा एक तरी साप या बाटलीत घालून, आत चिठ्ठी टाकून मुंबईला पाठवायचा, आणि मग कुठं मला नीट झोप लागणार.

चार तास आम्ही माती चाळली. अंगावर झिमझिम, पायाला जळवा. शेवटी मी कंटाळून एक कुजका ओंडका लाथेनं उलटा केला, आणि खाली तो होता. काळा, ओला, चकचकीत.

"सर! सर, धावा! सापडला!"

सर आले. धावता येत नव्हतं, तरी धावले. चिखलात गुडघे टेकले, अलगद उचलला. त्यानं त्यांच्या बोटाला वेटोळं घातलं. कोटाच्या खिशातून भिंग निघालं. हुसेनमामानं वर छत्री धरली. सर मोजत होते आणि मी पिशवीतली बाटली हातात काढून उभी. दोनदा मोजलं.

"एकशे एकोणचाळीस."

"बेटाचाच आकडा!" मी किंचाळलेच. "सर, होतं तुमचं खरं! होतं!" आणि बाटलीचं झाकण काढलं.

सर त्या सापाच्या पोटावरून अंगठा फिरवत होते, आया तान्ह्या पोराचं पोट चाचपतात तसा. "मादी हाय," ते म्हणाले. "पिल्लं हायत पोटात. तीन... न्हाई, चार."

"मग?"

"बाटली बंद कर, तंगी. स्पिरिट उडून जातंय."

मी ओरडले. अहो, काय करू, राहवलं नाही. "सर, एक! एकच द्या! इतकी वर्षं मी हे उरावर घेऊन फिरतेय. तुमच्यासाठी नको, माझ्यासाठी द्या. कोण विश्वास ठेवणार आहे नुसत्या आकड्यावर?"

"कोण न्हाई ठेवणार," सर म्हणाले. पहिल्यांदाच ते माझ्या तोंडाकडं नीट बघत होते. "आणि तुझ्या उरावरचं वझं ह्या गरिबाच्या पोटावर उतरवू नगंस. ते माझ्याकडनं कधीच उतारलंय. तू उगंच धरून बसलीयास."

त्यांनी ओंडक्याखालची माती बोटांनी भुसभुशीत केली आणि हात जमिनीला टेकवला. तोंड मातीत घुसलं, मग अंग, मग ते बोथट शेपूट. शेवटी भोकही बुजलं. हुसेनमामानं ओंडका होता तसा पालथा घातला.

मी रडत होते. सरांनी खिशातून वही काढून माझ्यापुढं धरली. त्यांचे हात चिखलानं भरलेले होते. "लिही."

मी लिहिलं. डोंगर, बेट. लांबी. खवले, एकशे एकोणचाळीस. मादी. शेवटच्या रकान्यात नमुना कुठं ठेवला ते लिहायचं असे. तिथं माझी पेन्सिल थांबली.

"इथं काय लिहू, सर?"

"लिही की. जिथं हुती तितंच."

मी तसं लिहिलं. सरांनी वही घेतली, छत्रीखाली डोळ्यांजवळ धरली आणि ती ओळ दोनदा वाचली.